नूरीसाठी दोन बाटल्या

आमच्या फाट्यावर सलाईनला जेवढा मान आहे तेवढा जावयालाही नाही. अंग दुखलं की सलाईन. सोयाबीन काढून कंबर धरली, सलाईन. सुनेशी भांडून सासू दोन दिवस जेवली नाही, सलाईन. डॉक्टरांनी नुसती गोळी लिहून दिली तर पेशंट असं तोंड करतो, जसं पंगतीत त्यालाच वगळून वाढपी पुढे गेला. ताकद नावाची चीज बाटलीत असते, ती दांडीला टांगायची आणि ती थेंब थेंब माणसात उतरते, ही इकडची पक्की समजूत. मी हसून सांगतोय खरा, पण माझी चूल याच समजुतीवर पेटते. वालूरच्या रस्त्याला आमचा फाटा आहे, तिथं माझं मेडिकल आहे.

मेडिकलला लागून दवाखाना. मध्ये एक भिंत आणि भिंतीत एक खिडकी. पलीकडून चिठ्ठी येते, अलीकडून बाटली जाते. दोन्ही जागा डॉक्टरांच्या मालकीच्या, मी भाडेकरू. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जसा वागलो त्याचं अर्धं कारण ही खिडकी आहे. उरलेलं अर्धं मी स्वतः.

सांगायचंय ते सत्यशीलाबाईंचं. फाट्याच्या मागं वस्तीत राहतात, वय पन्नासच्या आसपास, अंगानं काटक, बोलणं असं की समोरच्यानं उत्तर तयार ठेवूनच तोंड उघडावं. पंचक्रोशीत त्यांना 'नूरीवाली' म्हणतात. नूरी म्हणजे त्यांची घोडी, कबरी, कपाळावर पांढरा टिळा असलेली. लग्नसराईत सेलूपासून जिंतूरपर्यंत अर्ध्या वराती तिच्या पाठीवरून जातात.

ही घोडी घरात आली त्यामागं एक राग आहे. सत्यशीलाबाईंचं लग्न ठरलं तेव्हा नवरदेवाला, म्हणजे लिंबाजीला, घोडीवरून यायची हौस होती. घोडीवाल्यानं होकार दिला आणि लग्नाच्या दिवशी निरोप धाडला, घोडी आजारी आहे. लिंबाजी पायी मांडवात आला. त्याच संध्याकाळी ती आजारी घोडी वरच्या आळीच्या वरातीत नाचताना सगळ्यांनी बघितली. लिंबाजी कुणाला काही बोलला नाही. जिनिंगवर वीस वर्षं कापसाच्या गाठी उचलल्या आणि एका वर्षी माळेगावच्या यात्रेतून नूरीला घेऊन आला. विकणाऱ्यानं ठेवलेलं नावही त्यानं बदललं नाही. पहिली वरात वस्तीतल्या पोराची काढली, तीही वरच्या आळीतून. पुढच्या वर्षी वरची आळीच त्याच्या दारात आली, 'लिंबाजी, तारीख मोकळी हाय का' म्हणत. त्यानं एकालाही 'घोडी आजारी आहे' म्हणून परत पाठवलं नाही. माणूस म्हणून त्याची उंची मला त्यातच दिसते.

चार वर्षांपूर्वी लिंबाजी गेला. पायात नालेचा जुना खिळा घुसला होता. त्याला साखर आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. सत्यशीलाबाईंनी ट्रॅक्टरचं काळं ऑइल लावलं, कारण जखमेला तेच लावतात. भरेना, म्हणून सितारामकडून डाग देऊन घेतला. सिताराम म्हणजे आमच्या गावचा डाग देणारा. बैलाचा खांदा सुजो, म्हशीचा पाय मुरगळो, विळा लाल करून चटका देतो. परभणीला नेलं तेव्हा पाय काळा पडला होता. तिथल्या सिस्टर रोज सलाईननं जखम धुवायच्या, सत्यशीलाबाई शेजारी उभ्या राहून बघायच्या, नंतर स्वतः धुवायला शिकल्या. पण उशीर झाला होता. पाय कापावा लागला आणि वर्षाच्या आत माणूसही गेला.

तेरावं नाही, दिवस नाहीत, त्यांच्यात ते करत नाहीत. महिनाभरानं लग्नाची पहिली तारीख आली आणि सत्यशीलाबाई स्वतः लगाम धरून वरातीपुढं उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, बाईमाणूस कुठं वरातीत घोडी धरतं का. त्या म्हणाल्या, "नवरदेव घोडीवर बसतोय, माज्यावर न्हाई." नंतर कुणी विचारलं नाही.

आता त्या दिवसाची गोष्ट. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. आदल्या संध्याकाळी एका वरातीत कुण्या दीडशहाण्यानं फटाक्यांची लड पेटवून नूरीच्या पायात टाकली. नूरी उधळली नाही, नवरदेवाला पाडलंही नाही. पण बिचकून पुढच्या गुडघ्यांवर आली, ती नेमकी उकरून ठेवलेल्या रस्त्यावर. उजवा गुडघा खडीवर फाटला. नवरदेव उतरून मोटारीत बसला, वरात पुढं गेली. सत्यशीलाबाई घोडीला तीन पायांवर घरी घेऊन आल्या.

सकाळी मी शटर उघडून उदबत्ती लावतोय तोच त्या पायरीवर.

"भागवतभाऊ, खारटी सलाईन द्या. दोन बाटल्या."

"कुणाला लावायचीय मावशी?"

"लावायची न्हाई, धुवायचंय. नूरीचा गुडघा फाटलाय."

"घोडीला?" मी हसलो. हसायला नको होतं.

त्यांनी सगळं नीट सांगितलं. जनावरांच्या दवाखान्याला कुलूप होतं, पण भिंतीवर डॉक्टरीणबाईंचा नंबर होता. शुभदा मॅडम जिंतूरकडे लसीकरणाला गेल्या होत्या, उद्या दुपारी येणार होत्या. फोनवर त्यांनी बजावलं होतं. "मॅडम म्हणल्या, आजच्या आज सलाईननं दाबून धुवा. दुसरं काय बी लावू नगा. ऑइल न्हाई, हळद न्हाई, डाग तर न्हाईच. सांध्यापाशी खडी राहिली तर सांधा सडंल. अन् घोडं एकदा बसलं की उठत न्हाई, भाऊ. माणूस लंगडं जगतंय. घोडं जगत न्हाई."

"चिठ्ठी लागंल मावशी. चिठ्ठीशिवाय सलाईन देता येत नाही."

त्यांनी शेजारी बघितलं. बोलता बोलता मी एका गिऱ्हाइकाला अँटिबायोटिकच्या गोळ्या काढून दिल्या होत्या, तो त्या खिशात घालत होता.

"ह्यांना कुठं मागितली चिठ्ठी?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

मी खोक्यांची मांडामांड करायला लागलो. काय सांगणार? माझ्या दुकानातून चिठ्ठीशिवाय काय जात नाही हे विचारा. पण सलाईन डॉक्टरांची. त्यांनी एकदा मला स्पष्ट सांगितलं होतं, भागवत, बाटली खिडकीतूनच गेली पाहिजे. लोक घरी नेऊन लावायला लागले तर दवाखान्यातल्या खाटा कशाला ठेवायच्या. त्यातून घोडीला सलाईन दिली हे कळलं असतं तर फाट्यावर माझी टिंगल झाली असती ती वेगळीच. खरं सांगायचं तर मला टिंगलीचीच भीती जास्त वाटली.

सत्यशीलाबाईंनी मोबाईल पुढं केला. "मॅडमशी बोला तुमी. तुमच्या कानानं ऐका."

मी मोबाईल हातात घेतला नाही.

"डॉक्टर घोडीला लिहून देतेल का?" त्यांनी विचारलं.

"कसं देतील? ते माणसांचे डॉक्टर."

"माणसाला देतेल?"

"माणसाला देतात की."

त्यांनी मान हलवली, पायरी उतरल्या आणि शेजारच्या दवाखान्यात शिरल्या. मला वाटलं, पाणी प्यायला गेल्या असतील.

खिडकीतून मला पलीकडचं सगळं ऐकू येतं. बाकावर कमलबाई बसल्या होत्या. या कमलबाई म्हणजे सलाईनच्या जुन्या भक्त, आठवड्याला एक ठरलेली. सत्यशीलाबाई त्यांच्यामागं नंबर लावून बसल्या. अर्ध्या तासानं आत गेल्या.

"काय होतंय?" डॉक्टर म्हणाले.

"लय अशक्तपणा आलाय साहेब. हातपाय गळून गेलेत. डोळ्याम्होरं अंधारी यायलीय."

"जेवण जातंय का?"

"कुठलं जेवण साहेब."

"सलाईन लावू एक."

"दोन लावा. एकीनं काय व्हतंय."

हे वाक्य फाट्यावर इतकं चालतं की डॉक्टरांनी मान वर केली नसणार. पेन चालल्याचा आवाज आला.

"अन् गोड नगं साहेब, मला शुगर हाय. खारटी लावा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दवाखान्यातली नेहमीची सलाईन साखरेची असते. ती जखमेवर उपयोगाची नाही, उलट माशा बसतील. ही बाई परभणीच्या वॉर्डात उभी राहून गोड आणि खारट शिकून आली होती, आणि ते ज्ञान आता डॉक्टरांच्याच पेनानं कागदावर उतरवून घेत होती.

कंपाउंडरनं खिडकीतून चिठ्ठी सरकवली. खारट सलाईन, दोन बाटल्या. मी चिठ्ठी धरून उभा राहिलो. सकाळी ज्या कागदाआड मी लपलो होतो तोच कागद माझ्या हातात होता. कायद्याचं बोट मीच दाखवलं होतं, आता कायदा म्हणत होता, दे.

सत्यशीलाबाई खिडकीशी न थांबता बाहेरून फिरून दुकानाच्या पायरीवर आल्या. "नळी नगं. जाडी सुई तेवढी द्या एक."

मी बाटल्या दिल्या. त्यांनी बाटल्या पदरात गुंडाळल्या आणि दवाखान्याकडं न वळता सरळ वस्तीच्या रस्त्याला लागल्या. कंपाउंडर ओरडत बाहेर आला, "ओ बाई, खाट इकडं हाय." त्याच्यामागं डॉक्टर आले, गळ्यात तसाच अडकलेला स्टेथोस्कोप.

"कुठं निघालात?"

"घरी."

"घरी कोण लावणार सलाईन? रक्तात हवा गेली तर जबाबदार कोण?"

"लावायची न्हाई साहेब. माज्या घोडीचा गुडघा धुवायचाय."

बाकावरची माणसं एकेक करून दारात आली. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"बोलले." सत्यशीलाबाई रस्त्यातच उभ्या राहिल्या, आवाज चढवला नाही. "अशक्तपणा न्हाई, अंधारी न्हाई, शुगर बी न्हाई. दोन भाकरी खाऊन आलेय सकाळी. पण साहेब, तुमी माजा हात धरून बगितला का? डोळ्याची पापणी वडली का? खोटं बोलले तर तुमी तपासलं न्हाई. खरं बोलले असते तर ऐकलं नसतं. मंग मी काय बोलायला पायजे व्हतं, तेवढं सांगा."

कुणी हसलं नाही. डॉक्टर त्यांच्याशी बोलायचे सोडून माझ्याकडं वळले. "भागवत, बाटल्या परत घे."

सत्यशीलाबाईंनीही माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत विनंती असती तर मला सोपं गेलं असतं. विनंती नव्हती. हा गडी काय करतो ते बघू, एवढंच होतं.

"चिठ्ठी आहे ना, साहेब," मी म्हणालो. माझ्या शौर्याची कथा एवढीच. ते वाक्य मी इतकं हळू बोललो की डॉक्टरांनी मला दोनदा विचारलं.

त्या निघून गेल्या. मी शटर अर्धं ओढलं आणि मागून गेलो. कमलबाई माझ्याही पुढं होत्या.

वस्तीत त्यांच्या दारापुढं लिंब आहे, त्याच्या खाली नूरी उभी होती. उजवा पाय वर घेतलेला, खुराचं टोक तेवढं जमिनीला लागत होतं. गुडघ्यावर हाताच्या पंजाएवढं कातडं लोंबत होतं आणि आत रक्त, माती, डांबर यांचा काळा राडा. माशा घोंघावत होत्या. मी औषधं विकतो, जखमा बघत नाही.

पण तिथं आणखी एक गोष्ट तयार होती. तीन दगडांची चूल, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, आणि विस्तवात विळा. सिताराम उकिडवा बसून विळा फिरवत होता. भावकीतल्या जाणत्यांनी त्याला बोलावून घेतलं होतं. बाई कुठं कुठं भटकतेय, तोवर घोडी हातची जाईल म्हणून. शेजारी ट्रॅक्टरच्या ऑइलचा डबाही आणून ठेवला होता. सगळे मदतीलाच आले होते, हेच तर अवघड होतं.

"आलीस बरं झालं," सिताराम म्हणाला. "तोंड धर तिचं. एक चटका दिला की पू धरत न्हाई. माज्या बापानं आख्ख्या गावाच्या जनावरांना दिलेत."

"आमच्या घरात बी दिलाय तुमी एक," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

सितारामचा हात थांबला.

"तुमाला दोष द्यायले न्हाई मी, सितारामभाऊ. ऑइल मीच चोपडलं व्हतं, ह्या हातानं. तुमाला बोलवायला बी मीच आले व्हते. लिंबाजी नगं म्हणत व्हता. मी त्याचं ऐकलं न्हाई, गावाचं ऐकलं." बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला, तो त्यांनी तसाच फाटका वापरला. "आता मी गावाचं ऐकणार न्हाई. मेली तरी चालंल, पण माज्या हातानं तसली मरणार न्हाई."

भावकीतला एकजण म्हणाला, बाईला काय कळतंय, धरा रे घोडीला. सिताराम सवयीनं उठला, विळा बाहेर काढला. टोक शेंदरी झालं होतं.

सत्यशीलाबाई घोडी आणि विळा यांच्या मध्ये आल्या. बाटल्या काखेत होत्या. मोकळ्या हातानं त्यांनी लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं आणि पाय पुढं टाकला.

"आधी इथं द्या. मला तोंड हाय, कसं लागतंय ते सांगते तुमाला. मी गप राहिले तर मंग तिला द्या."

लिंबाखाली दहा-बारा माणसं होती. एकही हललं नाही. सिताराम त्या पोटरीकडं बघत राहिला. त्याचा विळा हातातच काळा पडला. मग त्यानं तो मातीत खुपसला, धोतर झटकलं आणि कुणाकडं न बघता निघून गेला. सिताराम वाईट माणूस नव्हता. त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

सत्यशीलाबाईंनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. नूरीच्या गळ्याशी कपाळ टेकवून काहीतरी पुटपुटल्या. मग बाटलीत सुई खुपसली आणि दोन्ही हातांनी बाटली दाबली. बारीक, ताठ धार सुटली. पहिल्यांदा जखमेतून काळं पाणी आलं, मग लाल. नूरी थरथरत होती, पण जागची हलली नाही. खडीचे बारीक दाणे निघून पोत्यावर पडायला लागले. सत्यशीलाबाई थांबायच्या, वाकून बघायच्या, लोंबतं कातडं बोटानं उचलून त्याच्या खाली धार मारायच्या.

कमलबाईंना ते बघवेना. "अगं बया, सगळी ताकद मातीत चालली की."

"जाऊ दे," सत्यशीलाबाई मान वर न करता म्हणाल्या. "मातीला बी लागती."

दुसरी बाटली संपत आली तेव्हा पाणी गुलाबी झालं, मग स्वच्छ. आत मांस दिसलं, ताजं, लालबुंद. त्यांनी वर धुतलेलं फडकं सैलसं बांधलं आणि भिंतीला टेकून बसल्या. इतका वेळ न दिसलेला थकवा एकदम दिसला. सकाळी डॉक्टरांना सांगितलेला अशक्तपणा आता खरा झाला होता, पण तो लिहून द्यायला कुणी नव्हतं.

मी तिथं लिंबाला टेकून उभा होतो आणि रिकाम्या बाटल्यांकडं बघत होतो. कारण त्या बाटलीत काय असतं हे त्या सगळ्या गर्दीत मला एकट्याला माहीत होतं. ताकद नाही, औषधही नाही. लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. डी. फार्मच्या पहिल्याच वर्षाला शिकवतात. पाणी खळखळून उकळायचं, सपाट दीड चमचा मीठ टाकायचं, झाकून गार करायचं; जखम धुवायला तेवढ्यानंही भागतं. सकाळी दुकानात हे एवढं सांगायला मला चिठ्ठी लागत नव्हती, डॉक्टरांची परवानगी लागत नव्हती. मला ते सुचलंही नव्हतं असं नाही. सुचलं होतं. पण तोवर मी नाही म्हणालो होतो, आणि एकदा नाही म्हटल्यावर तिला रस्ता दाखवला तर आपण हरलो असं मला वाटलं. काय हरणार होतो, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी शुभदा मॅडम आल्या. फडकं सोडून बराच वेळ बघत राहिल्या. सांधा उघडा पडलेला नाही, म्हणाल्या, आणि कालच धुतलं म्हणून बोलायची तरी सोय आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, बाकीची सुरू केली. जाताना मात्र स्पष्ट सांगून गेल्या की दहा दिवस वाट बघायची. पायावर भार टाकला तर घोडी तुमची. दहा दिवसांतही नुसतं टोकच टेकवत राहिली, तर आशा धरू नका.

हे मला कमलबाईंकडून कळत होतं. फाट्यावर रोज चौकशी व्हायची. पाचवा दिवस, सहावा दिवस, भार नाही. डॉक्टर माझ्याशी कामापुरतं बोलत होते. त्यांनी जागा खाली कर म्हटलं नाही, हेही सांगायला हवं. मी ज्या वाघाला घाबरलो होतो तो वाघ बहुधा माझ्याच पोटात होता.

नवव्या दिवशी दुपारी मी पिशवीत चार बाटल्या घातल्या, खारट, चिठ्ठीशिवाय, आणि वस्तीत गेलो. मनातल्या मनात वाक्यही तयार केलं होतं. माणूस चूक सुधारायला निघाला की त्याला आधी स्वतःचंच फार कौतुक वाटतं.

सत्यशीलाबाई लिंबाखाली पातेलं घेऊन बसल्या होत्या. पातेल्यावर ताट झाकलेलं. नूरी तशीच उभी, उजव्या खुराचं टोक मातीला लावून. जखम भरत आली होती, कडेनं गुलाबी कातडी धरली होती. पण पाय वरच.

मी पिशवी पुढं केली. त्यांनी आत बघितलं.

"ठिवा तुमच्या दुकानात. कमलबाईला लागतेल." त्यांनी पातेल्यावरचं ताट काढलं. "मॅडमनी हे शिकवलंय. पाणी उकळायचं, मीठ टाकायचं. म्हणल्या, आता ह्याच्यावर भागतंय." मग त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "भागवतभाऊ, तुमी शिकलेले. तुमाला ठाव व्हतं का हे?"

खोटं बोलता आलं असतं. त्यांनी हात धरून तपासलं नसतं.

"ठाव होतं."

"त्या दिवशी बी?"

"त्या दिवशी पण."

त्यांनी पातेल्यात हात घालून पाण्याचा अंदाज घेतला. मला वाटलं, आता शिव्या बसतील, आणि बसाव्यात असंच वाटत होतं.

"मंग सलाईनला न्हाई म्हणला न्हाईत तुमी," त्या म्हणाल्या. "मिठाला न्हाई म्हणला."

मी पिशवी खाली ठेवली. जाऊ की थांबू, कळेना.

"आलाच हाय तर दोरी धरा. चपला काढा आधी, आवाजाला बिचकती ती."

मी अनवाणी नूरीच्या तोंडापाशी जाऊन दोरी धरली. आयुष्यात पहिल्यांदा घोडीच्या इतक्या जवळ उभा होतो. तिच्या श्वासाला कडब्याचा वास होता. सत्यशीलाबाई खाली बसल्या, फडकं सोडलं आणि तांब्यानं गुडघ्यावर पाणी सोडायला लागल्या. नूरीनं मान झटकली, एक पाऊल सरकली आणि तिचा उजवा खूर माझ्या उजव्या पायावर आला. नुसतं टोक, हलकंच. मी पाय ओढून घेणार तेवढ्यात तिच्या पुढच्या डाव्या पायावर गोमाशी बसली. तिनं डावा पाय झटकायला वर उचलला.

आख्खी घोडी माझ्या पायावर आली. नालेसकट.

"मावशी," मी कसाबसा म्हणालो, "माझा पाय."

"हलू नगा." त्यांचा तांब्या हवेतच थांबला होता.

"पाय मोडंल माझा."

"दिसायलंय मला. हलू नगा म्हणते ना." त्या मातीत बसल्या होत्या, दोन्ही डोळे भरून वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "नऊ दिसांनी टेकलीय ती. टेकू द्या."

अंगठ्याचं नख गेलं हे मला कळलं. मी दोरी घट्ट धरली आणि हललो नाही.